निचरा विहिरीची गाळणखडी: आधी माती चाळा

भाऊ, सांगलीच्या क्षारपड रानासाठी निचरा विहीर (जमिनीतलं जास्तीचं पाणी उपसून काढणारी) घेतोयस, फार चांगलं. पण विहिरीच्या पाइपाभोवती भरायची गाळणखडी आणण्याआधी मातीची चाळण चाचणी कर. नमुना पाणी देणाऱ्या थराचा हवा, वरच्या काळ्या मातीचा नव्हे. बहुतेक जण इथंच चुकतात.

- खडीचा डी१५ (ज्या मापाहून १५ टक्के कण बारीक) मातीच्या डी८५ च्या ४ पटींहून कमी ठेव, म्हणजे माती अडते. तोच मातीच्या डी१५ च्या ४ पटींहून जास्त ठेव, म्हणजे पाणी वाहतं.
- खडी धुतलेली, गोलसर हवी. मुरूम अजिबात नको, गाळणी तुंबते.
- स्लॉट (पाइपातल्या पाणी आत घेणाऱ्या फटी) खडीच्या मापावरून ठरव: निदान ९० टक्के खडी बाहेरच अडली पाहिजे. जास्त पाण्याच्या आशेनं रुंद स्लॉट घेतलास, तर वाळू आत येईल.

पंपाचं गणित नंतर बघू. चाळणीचे आकडे आले की सांग, मिळून बघू.