वेताळ सोडा, बाकीचे गोळा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी वाचलेली इंद्रजाल कॉमिक्स पुन्हा जमवायची आहेत, महिन्याला हजारेक रुपये बाजूला काढता येतात, पण त्यातल्या वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) एकेका जुन्या अंकाचा भाव ऐकला की पाय मागे येतो. एवढ्यात काही धड जमेल, की नाद सोडावा?

नाद नका सोडू, वेताळ सोडा. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी.

इंद्रजाल सुरू झालं मार्च १९६४ मध्ये आणि सुरुवातीचे बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते. ते वाचून मोठी झालेली पोरं आता निवृत्त होऊन बसली आहेत, हाताशी पैसाही आहे आणि वेळही, आणि त्या सगळ्यांना नेमके तेच अंक हवे आहेत. त्या रांगेत तुमचे-माझे हजार रुपये शेवटीच उभे राहणार. पण मालिका १९९० पर्यंत चालली. एकूण ८०३ अंक निघाले. (कुणी १२३ किंवा १२४ नंबरचा ‘दुर्मिळ’ अंक देतो म्हणाला तर हसून पुढे व्हा. संपामुळे ते दोन अंक निघालेच नव्हते.)

या आठशेंमध्ये वेताळ आणि जादूगार मँड्रेक सोडून रिप कर्बी, गुप्तहेर फिल कॉरिगन, बझ सॉयर, केरी ड्रेक, माइक नोमॅड, गार्थ अशी बरीच नायक मंडळी आहेत. १९८१ पासून अंक दर आठवड्याला येऊ लागला तेव्हा तर यांची वर्दळ चांगलीच वाढली. आम्ही लायब्ररीत जायचो, कव्हरवर चष्मा लावलेला, पाइप ओढणारा माणूस दिसायचा आणि तोंडं वाकडी व्हायची. हा कोण काका? वेताळ कुठंय? पंचवीस पैसे भाडं देऊन काकाची गोष्ट कोण वाचणार! तो रुसवा आजही भावात उतरलेला दिसतो. वेताळाचा एक बरा अंक ज्या पैशांत येतो त्यात काकाचे आठ-दहा येतात.

आता हा काका कोण ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. हा रिप कर्बी, खासगी गुप्तहेर. १९४६ साली तो काढला ॲलेक्स रेमंडने. अंतराळातला फ्लॅश गॉर्डन काढणारा तोच. १९५६ मध्ये मोटार अपघातात रेमंड गेला आणि जॉन प्रेंटिसने मालिका हातात घेतली ती थेट १९९९ पर्यंत ओढली. कर्बीचा नोकर डेस्मंड हा पूर्वाश्रमीचा घरफोड्या आहे, आणि माझ्या मते मालकापेक्षा तोच जास्त रंगतो. कॉरिगनचं तर विचारूच नका. १९६७ ते १९८० तो काढत होता ॲल विल्यमसन आणि लिहीत होता आर्ची गुडविन. हीच जोडी पुढे स्टार वॉर्सची वर्तमानपत्री चित्रमालिका करत होती. म्हणजे ज्या माणसाच्या मूळ चित्रांसाठी परदेशातले संग्राहक पाकीट मोकळं करतात, त्याचं काम आपल्याकडे रद्दीच्या ढिगात तळाला पडलेलं असतं. गेल्या वर्षी मला कॉरिगनचे सात अंक मिळून तीनशे रुपयांत मिळाले. दुकानदाराने वर ‘हे घ्या हो, कुणी नेत नाही’ म्हणून गार्थचा एक फुकट टाकला.

एक मान्य करायला हवं. इंद्रजालमध्ये ही चित्रं मूळ रूपात येत नाहीत. वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या कापून पानात बसवलेल्या, चौकटी कुठे ताणलेल्या, कुठे छाटलेल्या, वर भडक रंग. गोष्टीही जागेसाठी आखडलेल्या. पण अंक जरा तिरका धरून नुसती काळी रेघ बघा. कॉरिगन पावसात उभा असतो, त्याच्या कोटाची घडी ब्रशच्या एका फटकाऱ्यात पडलेली असते, आणि त्यावर छापखान्याने ओतलेला जांभळा रंग रेघेबाहेर सांडलेला असतो. मला आता तो सांडलेला रंगही आवडायला लागलाय, पण हे माझं म्हातारपण असेल.

तर माझा एकच नियम: नायक बघून जमवू नका, हात बघून जमवा. नायकाच्या मागे सगळे असतात, काढणाऱ्याच्या हातामागे फारसं कुणी नसतं.

या नियमाने गेलात तर इंद्रजालच्याही आधी मी तुम्हाला टिंकल घ्यायला सांगेन, विशेषतः पहिल्या दहा-बारा वर्षांचे अंक. टिंकल १९८० साली अनंत पैंनी सुरू केलं. इंग्रजी आहे, मुलांचं आहे, घरोघरी होतं, म्हणून त्याला अजून कुणी ‘कलेक्शन’ म्हणत नाही. घर बदलताना लोक गठ्ठेच्या गठ्ठे किलोवर घालतात. पण आत कोण बसलंय बघा. बावळट नोकर सुपंडी काढला राम वाईरकरांनी. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. तंत्री मंत्रीवर अशोक डोंगरे. सगळी आपली माणसं, आणि यांची नावं त्या काळी आपल्याला माहीतही नव्हती.

हे अंक सुटे नकोत, सलग हवेत, ते यासाठी. सुपंडी १९८३ मध्ये आला, त्याच्या पहिल्या गोष्टी एका वाचकाने पाठवल्या होत्या. सुरुवातीचा सुपंडी आणि पाच-सात वर्षांनंतरचा सुपंडी शेजारी ठेवा. डोक्याचा तो लांबट आकार, मागची शेंडी, बावळट हसू, हे कसं हळूहळू पक्कं होत गेलं ते एकेका सुट्या अंकात कळत नाही, ओळीने पन्नास अंक चाळले की कळतं. शंभूचं तसंच. टोपी डोळ्यांवर आलेली, डोळे कधी दिसतच नाहीत, आणि तरी हळबे त्या माणसाची भीती फक्त गुडघ्यांतून आणि मिशीतून दाखवतात. पोटऱ्या कापतायत हे दोन बारीक रेघांत. माझ्या मुलीला चित्रकलेच्या क्लासला घालण्याऐवजी मी हे अंक दिले असते तर फी वाचली असती.

टिंकल घेताना डायजेस्ट आणि मूळ पाक्षिक यांत गल्लत करू नका. डायजेस्ट जाड असतं आणि जुन्या गोष्टी पुन्हा छापलेल्या असतात. वाचायला उत्तम, पण सलग संचात ते धरायचं नाही. अमर चित्र कथा मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. तिची पुनर्मुद्रणं इतकी झालीत की कोणती छपाई पहिली हे ओळखायलाच वर्ष जाईल. तो दुसऱ्या वर्षाचा अभ्यास समजा.

चवीत बदल म्हणून कमांडोही बघा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीची ही खिशात मावणारी युद्धकथांची पुस्तकं १९६१ पासून निघतायत. आपल्या रद्दीच्या दुकानांत जाड इंग्रजी कादंबऱ्यांच्या फटीत अडकलेली असतात. आत काळी-पांढरी, कव्हर रंगीत. सगळ्या गोष्टी एकाच साच्याच्या, त्यामुळे मी स्वतः चाळीसच्या पुढे गेलो नाही.

आता सगळ्यात स्वस्त मार्ग, जो बहुतेक जण नाक मुरडून सोडून देतात. बाइंडिंग. पूर्वी घराघरांत आणि लायब्ऱ्यांत दहा-बारा अंक एकत्र शिवून घ्यायची पद्धत होती. वर पुठ्ठा, पाठीला कापड, अबरी (संगमरवरासारख्या नक्षीचा) कागद, आणि आतल्या पानावर मालकाचं नाव वळणदार अक्षरात. शुद्धतावादी संग्राहक असा गठ्ठा हातात धरत नाही, कारण बाइंडरने तीन कडा कापलेल्या असतात आणि शिवणीपाशी दाभणाची भोकं असतात. नेमक्या त्याच कारणाने त्याचा भाव पडलेला असतो. पण ज्यांनी त्या काळी ते अंक क्रमाने लावून शिवले, त्यांनी तुमचं निम्मं काम करून ठेवलंय. पुण्याच्या जुन्या बाजारात मला असा एक गठ्ठा मिळाला. इंद्रजालचे बारा अंक, एकही कव्हर गहाळ नाही, मधल्या पॉपिन्सच्या जाहिरातीतले राम और श्यामसुद्धा जागेवर. शिवणीला लागून दोन मिलिमीटर अक्षरं गिळली गेली होती एवढंच. कृपा करून असे गठ्ठे उसवू नका. सुटे करून विकायच्या लोभाने लोक दोरा ओढतात आणि मधलं जोडपान फाडून ठेवतात.

सुटा अंक घेताना पैसे देण्याआधी एवढं करा. पहिल्यांदा मधलं पान उघडा. पिना तिथे असतात. एका पिनेची भोकं दोनच हवीत. कव्हरला त्याहून जास्त असली तर ते दुसऱ्या अंकाचं आहे किंवा पिना बदलल्यात. पिना गंजल्या असतील तर कागदावर तांबूस डाग पसरलेला असतो. तो थांबत नाही, पण सावकाश वाढतो, स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. मग पानं मोजा, खरंच मोजा. टिंकलमध्ये कोड्याचं पान आणि कापून पाठवायचं कूपन बघा. कूपन कापलं की मागच्या पानावरच्या गोष्टीलाही खिडकी पडते. शेवटी नाकाला लावा. कुबट वास आला तर कितीही स्वस्त असला तरी घरी आणू नका, बाकीच्यांना लागण होते.

हे मी शहाणपणाने नाही, फटका खाऊन शिकलो. एका विक्रेत्याकडून फोटो बघून ‘पूर्ण वर्ष’ म्हणून एक गठ्ठा मागवला होता. आला तो सुतळीने इतका करकचून बांधलेला की वरच्या आणि खालच्या कव्हरला सुतळीची खाच कायमची पडली होती. आतले पाच अंक मधल्या जोडपानाविना. फोन केला तर म्हणाला, वर्ष पूर्ण म्हणालो होतो, पानं पूर्ण म्हणालो नव्हतो. त्यानंतर मी फोटो मागताना मधल्या पानाचा आणि पिनांचा मागतो. द्यायला टाळाटाळ केली की विषय संपला.

कुठे शोधायचं? मुंबईत हुतात्मा चौकाजवळचे फुटपाथवाले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे, पुण्यात जुना बाजार, हैदराबादला जाणं झालं तर आबिड्सचा रविवारचा बाजार. पण माझे निम्मे अंक यापैकी कुठेच मिळालेले नाहीत. ते गल्लीतल्या रद्दीवाल्याकडून आले. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मे महिन्यात रिझल्ट लागल्यानंतर, म्हणजे घरं आवरली जातात तेव्हा, त्याच्याकडे चक्कर मारा. कॉमिक हवंय असं म्हणू नका. त्याला भाव कळत नाही असं समजू नका, मोबाइल त्याच्याकडेही आहे. ‘मुलांची जुनी पुस्तकं आली तर बाजूला ठेव, किलोच्या दुप्पट देतो’ म्हणा आणि पहिल्या वेळी नको असलेलाही गठ्ठा उचला. दुसऱ्या वेळेपासून तोच फोन करतो.

घरी आणल्यावर आपला खरा शत्रू पावसाळा. हा स्वस्त कागद मुळातच पिवळा पडणारा, त्यात दमट भिंत लागली की संपलंच. भिंतीला चिकटून असलेलं कपाट नको. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, आणि खोक्यात उभे, फार घट्ट नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनच्या आधी बदला. कसर लागू नये म्हणून मी कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे ठेवतो, आजोबा पोथ्यांत ठेवायचे तसे. डांबरगोळीचा वास कागदात मुरतो आणि मग जात नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी अजिबात लावू नका. दहा वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग तेवढा उरतो.

हजार रुपयांची वाटणी मी अशी करेन: सहाशेचं टिंकल, तीनशे कॉरिगन आणि कर्बीला, शंभर पिशव्यांना. सुरुवातीला १९८४ किंवा ८५ असं टिंकलचं एकच वर्ष पकडा आणि ते पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याकडे बघू नका. वहीत क्रमांक लिहून खिशात ठेवा, नाहीतर एकच अंक तीनदा घेतला जातो. माझा घेतला गेलाय. त्यामुळे ८४चे दोन अंक माझ्याकडे जास्तीचे पडून आहेत. एकाच्या कव्हरचा कोपरा गेलाय, आणि दोन्हींतली कोडी कुणी तरी पेन्सिलीने सोडवलेली आहेत, बहुतेक चुकीची. पत्ता कळवा, पाठवून देतो. सुतळी बांधणार नाही.