इंग्रजीतला 'मी' आणि मराठीतला 'मी'

प्रश्न : 'बिट्वीन यू अँड आय' चूक, 'यू अँड मी' हवे, असे मला सांगण्यात आले. शाळेत तर 'मी अँड माय फ्रेंड' नव्हे, 'माय फ्रेंड अँड आय' म्हणा, असे शिकवले होते. खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे. शाळेतली दुरुस्ती कर्त्याच्या जागेपुरती होती. 'माय फ्रेंड अँड आय वेंट' यात जाणारे तुम्ही दोघे, म्हणून 'आय'. 'अँड' आला की 'आय'च, असा तिचा अर्थ नव्हता. पण मनात तेच पक्के बसते आणि 'आय' नको तिथेही घातला जातो.

मराठीत आपण 'तू-मीमध्ये' म्हणत नाही, 'तुझ्यामाझ्यामध्ये' म्हणतो. शब्दयोगी अव्यय लागले की सर्वनामाचे रूप बदलते. इंग्रजीतही 'बिट्वीन', 'फॉर', 'विथ', 'टू', 'फ्रॉम' यांच्यापुढे कर्माचेच रूप येते: मी, हिम, हर, अस, देम. 'यू' मात्र दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे 'बिट्वीन यू'पर्यंत कानाला काहीच खटकत नाही.

शंका आली तर जोडीतला दुसरा माणूस काढून पाहा. 'शी इन्व्हायटेड अनिल अँड आय' यातून अनिल वगळला की 'शी इन्व्हायटेड आय' उरते आणि चूक लगेच कळते. 'बिट्वीन'ला मात्र दोघे लागतातच, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे जोडीऐवजी 'वी' आणि 'अस' घालून पाहा. 'बिट्वीन अस' बसते, म्हणून 'यू अँड मी'.

प्रश्न : 'मला' म्हणजे इंग्रजी 'मी' असे पाठ करून मुले 'मी लाइक म्यूझिक' लिहितात. काय करावे?

उत्तर : ते पाठांतर आधी थांबवा. आपला 'मी' आणि इंग्रजी 'मी' यांचा उच्चार एक, काम उलटे. त्यात मराठी विभक्ती आणखी फसवते. 'मला संगीत आवडते' यात आवडणारे संगीत आहे; 'लाइक'चा कर्ता मात्र ज्याला आवडते तो माणूस. 'मला वाटते', 'मला माहीत आहे', 'मला हवे आहे' यांचेही तसेच: आय थिंक, आय नो, आय वॉन्ट. 'तिने पत्र लिहिले' यातल्या 'तिने'ला प्रत्यय आहे, तरी इंग्रजीत 'शी'च. म्हणून प्रत्ययाकडे न पाहता आधी इंग्रजी क्रियापद ठरवू द्या, मग त्याला 'कोण?' असे विचारू द्या. उत्तर येईल ते कर्त्याच्या रूपात. 'मला आवडते' आणि 'मला बोलावले' ही वाक्ये शेजारीशेजारी द्या. पहिल्यात 'आय', दुसऱ्यात 'मी' का, हे मुलांना स्वतःला सांगता आले पाहिजे.

प्रश्न : 'टॉलर दॅन आय' की 'दॅन मी'?

उत्तर : बोलण्यात 'दॅन मी' सर्रास चालते. औपचारिक लेखनात 'दॅन आय अॅम' असे पूर्ण लिहावे. 'शी लाइक्स यू मोर दॅन मी' असे वाक्य मात्र जपून लिहा: तिला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त आवडता, की मला तुम्ही आवडता त्याहून तिला जास्त आवडता? दुसरा अर्थ हवा असेल तर 'दॅन आय डू' लिहा.

प्रश्न : 'हू' आणि 'हूम' कसे ओळखावे?

उत्तर : उत्तरात 'ही' आला तर 'हू', 'हिम' आला तर 'हूम', 'हिम' आणि 'हूम' दोन्ही 'म'वर संपतात, एवढी खूण पुरते. 'आय मेट हिम', म्हणून 'हूम डिड यू मीट?' बोलताना इथे 'हू' चालतो. पण लगेच आधी 'टू' किंवा 'फॉर' असेल तर 'हूम'च वापरा.