कोणती चिप, हे नंतर

बडोदा, रविवार दुपार

प्रिय बाळ, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन पानांत तू रोबोट चालवायला सात मायक्रोकंट्रोलर चिपांची नावं लिहिलीस आणि यातली कोणती घेऊ, असं विचारलंस. तुमच्या रोबोटला होतंय काय, यावर मात्र एकच ओळ: "काका, वेगात गेला की भरकटतो." मी ती ओळ घेऊन बसलो.

हिशोब कर. चार चाकं, प्रत्येकावर एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते दोन चॅनेलवर फेऱ्याला ६०० पल्स देऊन सांगणारा सेन्सर. तुझ्या आताच्या अर्डुइनो मेगाच्या बोर्डावर बाहेरच्या इंटरप्टच्या (हातातलं काम थांबवून प्रोसेसरला बोलावणाऱ्या) सहा पिना, त्यातल्या दोन जायरोच्या (वळण मोजणाऱ्या सेन्सरच्या) आयटूसी जोडणीत गेल्या. म्हणून तू दर चाकाचा एकच चॅनेल इंटरप्टवर घेतलास आणि दुसरा त्या इंटरप्टच्या कोडमध्ये वाचतेस. पल्सच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडा धरल्या तर फेऱ्याला १२०० मोजण्या. चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं, म्हणजे चारही चाकांच्या मिळून सेकंदाला ४०,०००. दर २५ मायक्रोसेकंदाला कुणीतरी दार ठोठावतंय! पिन वाचणारं एकेक डिजिटलरीड तीन-चार मायक्रोसेकंद खातं, तशी दोन आहेत, वर इंटरप्टमध्ये शिरण्या-निघण्याचा खर्च वेगळा. जवळजवळ अर्धा जीव नुसत्या मोजण्यात जातो. त्यात दोन-तीन चाकांच्या कडा एकदम आल्या, किंवा दुसऱ्या कोडनं इंटरप्ट जरा जास्त वेळ बंद ठेवले, की एखादी मोजणी गळते. गळलेली मोजणी ओरडत नाही. रोबोट आपला हळूच तिरका जातो.

हे माझ्या शब्दावर मानू नकोस. लूप सुरू होताना एक पिन वर कर, संपताना खाली आण आणि ऑसिलोस्कोपवर बघ. वेगानुसार पिन वर असल्याची पट्टी रुंदावताना दिसली, की खरा रोग कळला. कॉलेजात स्कोप मोकळा नसेल तर मकरपुऱ्याला माझ्याकडे ये.

आता चिप. एसटीएम३२ एफ४०७ घे म्हणतो, पण तिच्या १६८ मेगाहर्ट्झसाठी नव्हे. तिच्यातले टायमर एन्कोडर मोडमध्ये चालतात. दोन्ही चॅनेल थेट टायमरला जोडायचे, मोजणी हार्डवेअर करतं, प्रोसेसरला खबरही नसते. दोन ते पाच नंबरचे टायमर चार चाकांना दे, एक नंबरच्या टायमरातून चारही मोटरींचा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा चालू-बंद सिग्नल) काढ. मग दर मिलिसेकंदाला नुसता आकडा वाचायचा. यातले दोन टायमर १६ बिटांचे आहेत. पूर्ण वेगात सगळ्या कडा मोजल्या तर तीन-सव्वातीन सेकंदांत ६५,५३६ पार करून पुन्हा शून्यावर येतात. घाबरू नकोस. आधीच्या आणि आताच्या आकड्यातला फरक १६ बिटांच्या चिन्हासह घेतलास, की तो आपोआप बरोबर येतो.

यापेक्षा महत्त्वाचं पुढचं आहे, आणि त्याबद्दल तू विचारलेलंच नाहीस. रिसेटच्या क्षणी तुझा बोर्ड काय करतो? प्रोग्राम सुरू होईपर्यंत चिपच्या बहुतेक पिना अधांतरी असतात. मोटरींना वीज देणाऱ्या ड्रायव्हरला ते 'चालू' वाटू शकतं. माझ्या पहिल्या बोर्डावर मी हे विसरलो होतो. नवा प्रोग्राम टाकायला केबल जोडली आणि गाडी टेबलावरून सरळ खाली. चाकाखाली कुणाचं बोट नव्हतं, हे नशीब. इलाज काही पैशांचा आहे: ड्रायव्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक पीडब्ल्यूएम आणि एनेबल (ड्रायव्हर चालू करणाऱ्या) लाइनवर ग्राउंडकडे दहा किलोओहमचा रेझिस्टर. (तुमच्या ड्रायव्हरची एनेबल उलटी चालत असेल तर रेझिस्टरही उलटा, पुरवठ्याकडे. डेटाशीट वाच.) शिवाय वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) चालू ठेव आणि १०० मिलिसेकंद आज्ञा आली नाही तर मोटरी बंद. लाल इमर्जन्सी बटण मात्र कोडमधून वाचून चालणार नाही, त्यानं मोटरींचा पुरवठाच तोडला पाहिजे. कोड अडकला असतो तेव्हाच तर ते बटण लागतं.

रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) लावायचा हट्ट दिसतो. लाव, कॅमेऱ्यासाठी. चाकं त्याच्या हाती नकोत. लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाला जातं आणि तुझा मिलिसेकंद हुकतो. २००८ साली पुण्यात एबीयू रोबोकॉन झाली, तिचा विषयच गोविंदा होता. दहीहंडीत वरचा पोरगा डगमगला तरी खालचा थर पाय रोवून असतो, तसा मायक्रोकंट्रोलर. रास्पबेरी पाय अडकून पुन्हा बूट झाला, तरी रोबोट जागच्या जागी शांत उभा राहिला पाहिजे.

बाकी किरकोळ. २४ व्होल्टवरून ५ व्होल्टला ७८०५ रेग्युलेटर लावलायस, तो काढ. ०.३ अँपिअरला १९ व्होल्ट तो नुसते जाळतो, म्हणजे ५.७ वॉट. हीटसिंकशिवाय तो तापून स्वतःच बंद पडेल आणि तू कोडमध्ये चूक शोधत बसशील. त्याऐवजी बक कन्व्हर्टर लाव, तो व्होल्टेज असं न जाळता उतरवतो. जंपर वायरी टेबलावर ठीक, मैदानावर नाहीत. लॉकवाले कनेक्टर घे, आणि क्रिंपिंग (वायरीच्या टोकावर पिन दाबून बसवणं) स्वतः शिक. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं ते हाताला काम शिकवायला, आणि तुम्ही त्याच गावात तयार क्रिंप केलेल्या वायरी मागवता!

नोंदींसाठी एसडी कार्डाची जागाही ठेव. वेळ, चारही चाकांचा वेग, बॅटरीचं व्होल्टेज आणि रिसेटचं कारण एवढं लिहीत राहिलं तरी पुरे. रिसेटचं कारण चिप स्वतःच एका रजिस्टरमध्ये ठेवते, सुरुवातीलाच वाचून घ्यायचं. मॅच हरल्यावर वायर की कोड, यावर तुमच्यात जी भांडणं होतात ती पाच मिनिटांत मिटतील.

पुढच्या रविवारी जुना मेगाच घेऊन ये, नवीन काही विकत घेऊ नकोस. आधी ती पट्टी स्कोपवर बघू. येताना सेव उसळ आण, पाव जास्त.

तुझा,
काका