रायफलीचा पहिला सप्रेसर

प्रश्न : टेक्सासमध्ये .३०८ रायफलीने रानडुकरांची शिकार करतो. पहिला सप्रेसर (नळीच्या टोकाला लावायचा, आवाज कमी करणारा) कोणता घ्यावा?

उत्तर : .३० कॅलिबरचाच, म्हणजे सुमारे ०.३० इंच जाडीच्या गोळीसाठीचा घ्या. पुढे ६.५ क्रीडमूर ही बारीक गोळीची रायफल घेतलीत तरी तोच चालेल. उलटं, म्हणजे ६.५ चा सप्रेसर .३०८ ला, कधीच करू नका, अरुंद भोकात जाड गोळी आतल्या पडद्यांवर आदळते. नळीचे आटे बहुधा ५/८×२४ (५/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे) असतात, तरी तपासा. रानात दिवसभर वागवायचा, म्हणून टायटॅनियमचा, ४०० ग्रॅमच्या आतला बरा. लावताना आट्यांवरची काजळी पुसा. नळीच्या खांद्याला, म्हणजे आट्यांमागच्या कडेला, नीट टेकला नाही तर वाकडा बसतो. नंतर निशाणा पुन्हा जुळवा, मारा बहुधा सरकतो. आवाज २५-३० डेसिबलने उतरला तरी ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका उरतोच. कानांत बोळे घालाच. एटीएफ या अमेरिकी शस्त्रनियंत्रण खात्याकडे भरलेला फॉर्म ४ (सप्रेसर नावावर करून घेण्याचा अर्ज) मंजूर होईपर्यंत ताबा मिळत नाही, तेव्हा वेळेआधीच अर्ज करा.