दिवा विझवण्याआधी फोटो काढा

प्रश्न : मी कराडला शिक्षक आहे. जूनमध्ये पुण्याच्या एका डीलरकडून २०१४ सालची पेट्रोल गाडी ३ लाख १० हजारांना घेतली. ‘सोळाचं ॲव्हरेज, एक रुपयाचं काम नाही’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. नवव्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. ॲव्हरेज अकराच्या वर जात नाही. तापमानाचा काटाही नीट वर चढत नाही. इथल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, ५,४०० रुपये घेऊन ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि दिवा घालवला. आठवड्यात तो परत लागला. डीलर म्हणतो, गाडी जुनी आहे, त्यात पेट्रोलमध्ये आता इथेनॉल येतं, आणि पावतीवर ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ असं छापलेलं आहेच. ॲव्हरेज कमी म्हणून दावा करता येईल का? स्कॅनरचा आणि कागदपत्रांचे फोटो जोडले आहेत.

उत्तर : सर, नुसत्या ॲव्हरेजवर दावा करू नका. हराल. दहा वर्षांच्या गाडीचं ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या पायावर, टायरच्या हवेवर, घाटावर आणि एसीवर अवलंबून असतं, हे समोरचा वकील पाच मिनिटांत ग्राहक आयोगाच्या गळी उतरवेल. तुमची केस वेगळी आहे, आणि ती तुम्हीच पाठवलेल्या स्कॅनरच्या फोटोत सगळ्यात खाली दडली आहे.

त्या फोटोत वर गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड आहे पी ०१२८. अशा चार-पाच गाड्यांच्या तक्रारी चालवल्यावर मलाही हा कोड पाठ झाला. इंजिन हवं तेवढं तापत नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेक वेळा दोष थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा असतो. तो उघडा अडकलेला असतो, किंवा चक्क काढून टाकलेला असतो. गाडी गरम व्हायला लागली की थर्मोस्टॅटच काढायचा, हा आपल्याकडचा जुना गॅरेजी तोडगा. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन थंडच राहतं आणि संगणक त्याला थंडीतल्यासारखं जास्त पेट्रोल पाजत राहतो. काटा वर येत नाही, ॲव्हरेज पडतं, दिवा लागतो. तुमची तिन्ही लक्षणं इथे जुळतात. ऑक्सिजन सेन्सरचा या कोडशी थेट संबंध नव्हता. पण गॅरेजवाल्यावर चिडू नका, तो आपल्याला साक्षीला लागणार आहे.

आता खालची ओळ. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर : ६४९ किमी’. डीलरच्या डिलिव्हरी नोटवर गाडीचं रीडिंग ७८,२४० आहे आणि स्कॅन झाला तेव्हा मीटरवर ७८,८५२ होते. म्हणजे तुमच्या हातात गाडी ६१२ किलोमीटर चालली. उरलेल्या ३७ किलोमीटरचा हिशेब डीलरने द्यायचा आहे. गाडी तुमच्या ताब्यात येण्याच्या ३७ किलोमीटर आधी कोणीतरी स्कॅनर लावून कोड पुसले. असा दोष सहसा दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत पकडला गेला तरच दिवा लागतो, म्हणून तो नऊ दिवस गप्प बसला.

यावर डीलर एकच बरं उत्तर देऊ शकतो : आम्ही विक्रीआधी बॅटरी बदलली. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी ही मोजणी शून्यावर येते. तेव्हा आजच बॉनेट उघडून बॅटरीवरची तारीख बघा, फोटो काढा. बॅटरी जुनी असेल तर त्याचा हा बचाव तिथेच संपला. नवी असेल तर केस थोडी लंगडी होईल, पण थर्मोस्टॅट जागेवरच नाही असं निघालं तर पुन्हा उभी राहील. झिजलेला भाग एक वेळ नकळत सुटतो. काढून टाकलेला भाग कोणीतरी हाताने काढलेला असतो, आणि तो का काढला, म्हणजे आधी इंजिन किती तापत होतं, हा त्यापुढचा प्रश्न.

कायद्याच्या भाषेत हा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालचा मालातला दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा. करार कायद्याच्या कलम १७ नुसार, माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं म्हणजे कपट. ‘आहे त्या स्थितीत’ हे वाक्य दिसणाऱ्या आणि झिजेच्या दोषांपुरतं त्याच्या कामाला येईल. दिवा विझवून गाडी दाखवली असेल तर जी ‘स्थिती’ तुम्ही मान्य केली ती खरी नव्हतीच. मात्र तक्रारीत ‘अनुचित करार’ हा शब्द घालू नका. तो विषय जिल्हा आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, राज्य आयोगाकडे जातो. एवढ्या एका शब्दावरून तक्रारी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

इथेनॉलचा मुद्दा हिशेबानेच खोडा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत वीस टक्के इथेनॉलने सहा-सात टक्के घट धरली आहे. त्याने सोळाचे पंधरा होतील. सोळाचे अकरा म्हणजे एकतीस टक्के. पण तुमचे अकरा कागदावर हवेत. एकाच पंपावर टाकी फुल करा, तीनेकशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा, दोन्ही पावत्या आणि मीटरचे फोटो ठेवा. असं तीनदा. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर २८ लिटर पेट्रोल जास्त जातं. नुकसानभरपाईचा हा एक आकडा झाला.

डीलर ‘मी फक्त मध्यस्थ, गाडी मूळ मालकाची’ असंही म्हणेल. पैसे त्याच्या खात्यात गेलेत आणि पावती त्याच्या नावाची आहे, हे तुमच्या कागदांत दिसतंय. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नोटिशीत त्याचा क्रमांक मागा. प्रमाणपत्र नसेल तर आवाज आपोआप खाली येतो.

आता क्रम सांभाळा. सध्या लागलेला दिवा पुसू देऊ नका. पहिला स्कॅन ज्या टॅबवर झाला त्यात रिपोर्ट साठवलेला असेल तर गाडीचा नंबर आणि तारखेसह प्रिंट काढून गॅरेजवाल्याची सही-शिक्का घ्या. मधे त्याने दिवा घालवला तेव्हा ती मोजणी शून्य झाली, त्यामुळे ६४९ चा आकडा आता फक्त त्या टॅबमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये आहे. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. फोटो आणि व्हॉट्सॲपचे संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

मग नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस द्या : पंधरा दिवसांत गाडी तपासा, नाहीतर आम्ही स्वतंत्र तपासणी करून दुरुस्ती करू आणि खर्च तुमच्यावर टाकू. ही मुदत संपली की दुरुस्ती करून घ्या. वर्षभर तशीच गाडी चालवून मग भरपाई मागाल तर ‘नुकसान तुम्हीच वाढवलं’ असं ऐकावं लागेल, आणि करार कायद्याचं कलम ७३ त्यांच्या बाजूने आहे. थर्मोस्टॅटची जागा उघडताना व्हिडिओ काढा, निघालेला भाग पिशवीत बांधून ठेवा. दिवा स्थिर असेल तोवर जपून चालवता येईल. लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्या, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जळू शकतो आणि तो खर्च वेगळ्याच पट्टीतला आहे.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता तो जिल्हा चालतो, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतोय). मुदत दोन वर्षांची आहे. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तुम्ही तारखा मोजत राहा. तज्ज्ञाच्या तपासणीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ खाली अर्ज द्या आणि तुमच्या कराडच्याच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नाव सुचवा. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल.

मागणी दोन पायऱ्यांत लिहा. पहिली, गाडी परत आणि पूर्ण रक्कम. ती मिळेलच असं मी म्हणणार नाही. गाडी रोज वापरात असली की आयोगाचा हात आखडतो. म्हणून पर्यायी मागणी : दुरुस्तीचा खर्च, सेन्सरचे ५,४००, जादा पेट्रोल, गाडीच्या किमतीतला फरक, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. मला हीच मंजूर होण्याची शक्यता जास्त वाटते.

नोटीस पोचली की बहुधा डीलरचा फोन येईल : ‘सर, गाडी घेऊन या, फुकट करून देतो.’ तेव्हा ‘लेखी कळवा’ एवढंच म्हणा. गाडी एकदा त्याच्या शेडमध्ये गेली की थर्मोस्टॅटही बसेल आणि कोडही पुसले जातील. न्यायचीच असेल तर तुमची तपासणी झाल्यावर न्या, आणि परत घेताना ‘आता कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका.