वाचकांचे प्रश्न : चंदन लावण्यापूर्वी

प्रश्न : बार्शी तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. त्यातील निम्मी काळी आणि निम्मी मुरमाड आहे. एका रोपवाटिकेच्या प्रतिनिधीने एकरी चारशे चंदनाची झाडे लावण्यास सांगितले असून बारा वर्षांनी कोटीचे उत्पन्न मिळेल, असा हिशेबही मांडून दाखवला आहे. वडिलांचा मात्र विरोध आहे. चंदन शेजारच्या झाडांवर जगते, असे ते म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपला सगळा निर्णय त्याच गोष्टीभोवती फिरायला हवा. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. पाने हिरवी असल्याने ते स्वतःचे अन्न तयार करते. परंतु त्याच्या मुळांना चूषक फुटतात, ते शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तेथून पाणी, नत्र व क्षार ओढून घेतात. असे यजमान झाड जवळ नसेल तर चंदन खुरटते आणि पुष्कळदा मरते. एकरी चारशे झाडे म्हणजे साधारण दहा बाय दहा फुटांचे अंतर झाले; एवढ्या दाटीत यजमानांना जागा कुठे ठेवणार, हे त्या प्रतिनिधीला अवश्य विचारा.

आमच्या मते बारा बाय पंधरा फुटांवर, म्हणजे एकरी सुमारे दोनशे चाळीस झाडे पुरेत. लागवडीच्या पावसाळ्यातच प्रत्येक रोपाजवळ तूर टोकावी. तूर फार टिकत नाही, म्हणून ती संपण्यापूर्वी कायमचे यजमान मुळे धरतील अशा बेताने सुरूचे झाड, हादगा किंवा सीताफळ त्याच वर्षी लावावे. आपल्या भागात सीताफळाला बाजारपेठ आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. कारण चंदनातून पैसा येईपर्यंतची वर्षे कुटुंबाला याच झाडांनी आणि सुरुवातीच्या काळातील आंतरपिकांनी सांभाळायची आहेत. काळ्या जमिनीत पाणी साचून राहते आणि ते चंदनाच्या मुळांना सोसत नाही. तेव्हा चंदन फक्त मुरमाड भागात लावा आणि काळ्या रानात आपली नेहमीची पिके घेत राहा.

आता हिशेबाविषयी. चंदनाला भाव मिळतो तो सुगंधी गाभ्याला. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला त्या मानाने फारच थोडा. हा गाभा साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास धरू लागतो आणि सारख्याच घेराच्या दोन झाडांतही त्याचे प्रमाण वेगवेगळे निघते. म्हणून संपूर्ण खोडाचे वजन गाभ्याच्या भावाने गुणून काढलेला कोणताही आकडा फसवा समजावा. पंधरा ते वीस वर्षे थांबण्याची तयारी असेल, तरच या वाटेला जावे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात ओर्ड नदीच्या पाण्यावर भारतीय चंदनाच्या हजारो एकरांच्या बागा उभ्या राहिल्या. त्या उभारणारी सर्वांत मोठी कंपनी आर्थिक अडचणीत येऊन 2018 साली प्रशासकांच्या हाती गेली. भांडवल आणि पाणी दोन्ही हाताशी असताना असे घडू शकते, हे तीन एकरांच्या शेतकऱ्याने नजरेआड करू नये.

प्रश्न : चंदनाऐवजी अगरची झाडे लावली तर चालेल का? अगरवुडला अधिक भाव आहे, असे ऐकतो.

उत्तर : सोलापूर जिल्ह्यात लावू नयेत. अगर हे आसाम आणि ईशान्येकडील दमट, भरपूर पावसाच्या प्रदेशातील झाड आहे. शिवाय अगरवुडला भाव मिळतो तो लाकडातील सुगंधी राळेमुळे आणि निरोगी झाडात ती नसते. खोडाला इजा होऊन बुरशीचा संसर्ग झाला, तरच ती तयार होते.

प्रश्न : स्वतःच्या शेतातील चंदन तोडता येते का?

उत्तर : परवानगी घेऊनच तोडता येते. टिपू सुलतानाने 1792 साली चंदनाला शाही वृक्ष ठरवले, तेव्हापासून म्हैसूर मुलखात हे झाड कोणाच्याही जमिनीत उगवले तरी सरकारचे मानले जाई. कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तमिळनाडूने 2002 मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला हक्क दिला. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या 1964 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत चंदनाचा समावेश आहे. त्यामुळे तोडीसाठी परवानगी आणि माल हलवण्यासाठी वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. लागवड झाल्यावर त्याच हंगामात झाडांची संख्या सातबारा उताऱ्यावर चढवून घ्या. ही नोंद नसल्यास पुढे झाडे आपली आहेत हे सिद्ध करताना फार ओढाताण होते, आणि चोरीची तक्रार देतानाही हाच कागद कामी येतो.

चोरीचा धोका खरोखरच मोठा आहे. चोर आधी खोडाला भोक पाडून गाभा धरला आहे का ते पाहतात आणि मग एका रात्रीत झाड नेतात. म्हणून वस्तीपासून दूरच्या रानात चंदन लावू नये. साधारण आठव्या वर्षापासून कुंपण आणि राखण यांचा खर्च धरावा. शेजारच्या शेतकऱ्यांनीही लागवड केली असेल, तर राखणदार सामाईक ठेवावा. तोडीची वेळ आली की झाड बुंध्याशी कापू नये, मुळांसकट काढावे. सर्वाधिक तेल मुळांतच असते आणि बुंधा कापून घेणाऱ्या व्यापाऱ्याला ते ठाऊक असते.