छोटं राज्य झालं की आयटी येते? शेजारचा गोवा बघा की

भावा, तुझं म्हणणं असं की बेंगळूरवाले बेळगावकडं ढुंकून बघत नाहीत, आपलं छोटं राज्य असतं तर एस्टोनियासारखं आयटी, स्टार्टअप सगळं आलं असतं. खरं छोटं राज्य बघायला तेवढ्या लांब कशाला, चोर्ला घाट उतरलास की गोवा आहे.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात १४.५८ लाख माणसं, आमदार ४०, म्हणजे एकामागं साधारण ३६ हजार. आपल्या जिल्ह्यात ४७.८ लाखांमागं १८, भाग लावून बघ. ३६ हजारांत आमदार घराघरात ओळखीचा, चांगलंच आहे, खरं मग लोक मागतात काय तर पोराला सरकारी खात्यात चिकटवा, आणि काही शे मतांनी सीट फिरते म्हटल्यावर तो दहा वर्षांनी फळ देणाऱ्या रिसर्च पार्कच्या नादाला कशाला लागतोय!

त्यात मंत्रिपदांचं गणित. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्री सभागृहाच्या १५ टक्क्यांच्या वर नकोत, खरं छोट्या राज्यांना १२ पर्यंत सूट. गोव्यात बहुमत २१ चं आणि मंत्रिपदं १२, म्हणजे काठावरच्या सरकारात निम्म्याहून जास्त आमदार मंत्री. मग उड्या पडणारच. २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० भाजपात, २०२२ ला ११ पैकी ८. पक्षांतरबंदीतून सुटायला पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकदम लागतात, दोन्ही वेळा मोजून तेवढेच!

एक मात्र मानायला पाहिजे, तिथं लोकांनी आवाज काढला की सरकार हलतंय. २००७ च्या शेवटी सेझ (उद्योगांना सवलती देणारी खास क्षेत्रं) गुंडाळले, २०२१ ला मेळावली गावातली आयआयटीची जागा सोडली. जमीनच ३,७०२ चौरस किलोमीटर, गावकऱ्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

एस्टोनिया गोव्याएवढ्याच लोकसंख्येचा, तिथं २००५ पासून ऑनलाइन मतदान. खरं तो स्वतंत्र देश, टॅक्सचे कायदे स्वतःचे, २००४ पासून युरोपियन युनियनचं मार्केट उघडं, आणि खासदार प्रमाणशीर पद्धतीनं, म्हणजे पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात निवडून येतात, वॉर्डातल्या गटारापायी कोणाची सीट जात नाही. आपण राज्य कितीही बारीक केलं तरी इन्कम टॅक्स दिल्लीच ठरवणार.

व्हीटीयू या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं हेडऑफिस बेळगावात असून पोरं पुण्याला जातात, ती थांबवायची तर आधी महापालिकेकडं जागा आणि पैसा द्या, आणि महापौराला पाच वर्षं. आत्ता मुदत एका वर्षाची, खुर्ची गरम होईस्तोवर दुसरा.